काटेवाले काका आणि बिनआवाजाची गाडी

काकांना रिकामा बसलेला माणूस चालायचा, वाकडा बसलेला चालायचा नाही. भनपुरीहून रायपूर शहरात यायला ते शेअर ऑटोत चढले की ऑटो लगेच सुटायचा नाही, आधी माणसं हलायची. "ओ भैया, आप इधर आइए. दीदी, थैला गोद में नहीं, नीचे रखिए, बीच में." एका बाजूला दोन खाऊनपिऊन सुखी माणसं आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजचा एक काडीपैलवान असं दिसलं की काकांचा जीव खालीवर व्हायचा. ऑटोवाला कुरकुरायचा, पण हलायचे सगळे. कारण काका विनंती करत नसत. ते सांगत, आणि सांगून झालं की असे गप्प राहत की समोरच्याला वाटावं, खरंच की, आपण इतका वेळ चुकीचेच बसलो होतो.

भनपुरीत त्यांचा धर्मकाटा होता, म्हणजे ट्रक तोलायचा काटा. जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी पाटी, तिच्यावर ट्रक उभा करायचा आणि बाजूच्या खोलीत मशीनवर वजन बघायचं. तांदूळ, सिमेंट, सळया, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत तोललं गेलं होतं. तरी 'किती वजन आहे' हा प्रश्न ते फारसा मानत नसत. "तो व्यापाऱ्याचा प्रश्न आहे," म्हणायचे. "आपला प्रश्न, ते ठेवलं कुठे आहे. माल नीट ठेवला तर म्हातारा बैलही ओढते. वाकडा ठेवला तर नवा ट्रक उलटते." हे ते ट्रक ड्रायव्हरला सांगत, किराणावाल्याला सांगत, आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगत.

गोल बाजारातून भाजी आणायची तर दोन पिशव्या, दोन्ही सारख्या. एका हाताला कोहळं जड लागलं तर दुसऱ्या पिशवीत तेवढे बटाटे पडलेच पाहिजेत, मग घरी बटाटे असोत की नसोत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळावर हात मारायच्या. "लग्नात सप्तपदी चालून राहिलो होतो," त्या सांगायच्या, "तर हे माझ्या कानात म्हणते, डाव्या पायावर जोर देऊन काहून चालते? मले वाटलं काही गोड बोलतील. तेव्हाच समजलं मले, आपलं काही खरं नाही." काका यावर एवढंच म्हणायचे की त्या दिवशी जोर डाव्या पायावरच होता.

काकांचं घराणं नागपूरकरांच्या फौजेबरोबर रायपुरात आलेलं. आमचे पूर्वज घोड्यावरून आले, हे वाक्य ते वर्षातून एकदा तरी, बहुतेक दसऱ्याला, बोलायचे. काकू लगेच दुरुस्ती करायच्या की घोड्यावरून नाही, घोड्यांचा चारा तोलायला आले. खरं काय ते देव जाणे. पण घोड्यांचे शब्द काकांच्या तोंडात होते खरे. 'मांड' हा शब्द मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला.

माझ्या वडिलांची आणि त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीतली. वडील रेल्वेत, विदर्भातून इकडे आलेले, जरा भिडस्त. काका मंडळात सगळ्यांना पुरून उरणारे. एका वर्षी विसर्जनाची मिरवणूक निघाली, ट्रॉलीवर मूर्ती चढली, ताशे सुरू झाले, आणि काका ट्रॉलीपुढे आडवे उभे राहिले. म्हणे, मूर्ती मागे बसवली आहे, चार बोटं पुढे घ्या. लोक चिडले. गुरुजी म्हणाले, देवाला असं सारखं हलवू नये. काका म्हणाले, "उत्तरपूजा झाली न? मग आता बाप्पा प्रवासी आहे. प्रवाशाले नीट बसवा." मूर्ती चार बोटं पुढे गेली. तलावाकडच्या उतारावर मागची ट्रॉली, दुसऱ्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एकदम मान टाकल्यासारखी झुकली आणि तिथे आरडाओरडा झाला. आमची ट्रॉली सरळ उतरली. काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला होता त्या दिवशी, इतकी कसली मिजास. पण लक्षात राहिलं.

पुढे काही वर्षांनी काकांनी काट्यामागच्या मोकळ्या मुरमाच्या जागेत पत्र्याची शेड बांधली आणि तिच्यात दोन विजेवर चालणाऱ्या मोटारसायकली आणून ठेवल्या. स्कूटीसारख्या नाही. उंच, सडपातळ, गाठीगाठीच्या टायरच्या, डोंगरदऱ्यात हिंडायच्या. भनपुरीचे ट्रान्सपोर्टवाले पोट धरून हसले. या वयात काका जंगलात जाणार का, पोट्ट्या पटवणार का, काय काय बोलले. काकांचं कारण मात्र असं होतं की दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही. "पेट्रोलची गाडी दिवसभर हलकी होत जाते. सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. तिच्यावर काय भरोसा ठेवाचा? बॅटरी बघ. भरली तरी तेवढीच, उतरली तरी तेवढीच. वजनाच्या बाबतीत असा सच्चा प्राणी मी पाहिला नाही." आणि ती बॅटरी गाडीच्या पोटात, बरोबर मधे, हेही त्यांना फार आवडायचं. पाहुणा आला की ते आधी बॅटरी दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

स्वतः ते गाडी उभ्यानं चालवत. पायठेवण्यांवर उभे, गुडघे जरा वाकलेले, कोपरं बाहेर, अंगात अर्ध्या बाहीचा स्वेटर आणि डोक्यावर जुनं स्कूटरचं हेल्मेट. मुरमाच्या ढिगांवरून ते इतक्या सावकाश जायचे की चालणारा माणूस पुढे निघून जावा. चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर ओरडायचे, "काका, भगाओ!" काका ढुंकून बघत नसत. जोरात कोणीही चालवतो, हळू चालवून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक तरुण ड्रायव्हर पैज लावून चढला, हळू चालवायला गेला आणि काकांच्या समोर गाडीसकट आडवा झाला. त्याला चहा पाजला काकांनी, पण हसले नाहीत.

आता माझं. मी एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीत नकाशे काढायचे. डोंगरातल्या पाड्यांपर्यंत पाण्याची लाइन न्यायची तर आधी कुणी तरी तिथे जाऊन मोजमाप घेतं, आणि ते आकडे बघून ऑफिसात कुणी तरी नकाशा काढतं. ती दुसरी कुणी तरी म्हणजे मी. कागदावर जिथे नाला असायचा तिथे जाग्यावर टेकाड निघायचं. आकडे आणणारे वेगळे, शिव्या खाणारी मी. मी काही गरीब गाय नाही, भांडायचे, पण खुर्चीत बसून भांडणाऱ्याचं कोण ऐकतं. मग कंपनीनं फील्डच्या लोकांसाठी तशाच विजेच्या गाड्या घ्यायचं ठरवलं, कारण वाटा अरुंद आणि जंगलात आवाज नको. फील्डवर एक नवी जागा निघाली. ज्याला ती गाडी चढावर चालवता येईल त्याचं नाव जाणार होतं, त्यासाठी ट्रायल. ऑफिसातल्या दोघांनी नाव दिलं, मीही दिलं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, स्कूटी नहीं है ये." ते वाक्य मला झोंबलं. पण साहेब खोटं बोलत नव्हते. ही जागा गेली असती तर पुढची निघायला किती वर्षं लागली असती सांगता येत नव्हतं, आणि मला त्या खुर्चीत म्हातारं व्हायचं नव्हतं.

वडील मला काकांकडे घेऊन गेले. काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "स्कूटी चालवते?"

"हव. कॉलेजपासून."

"मग जास्त वेळ लागीन," काका म्हणाले. "जिले काहीच येत नाही तिले लवकर येते."

पहिले काही दिवस त्यांनी मला बसूच दिलं नाही. गाडी बंद, चावी त्यांच्या खिशात, आणि मी ती हातानं ढकलत मैदानभर फिरायचे. मग एक दिवस धान्याच्या दुकानात असतात तसे दोन सपाट काटे त्यांनी जमिनीवर मांडले. मोठा काटा ट्रकचा, त्याला माणसाचं हलणं कळत नाही, म्हणून हे आणलेले. पुढचं चाक एका काट्यावर, मागचं दुसऱ्यावर. काका एका बाजूनं गाडी धरून, काकू दुसऱ्या बाजूनं, आणि मी वर उभी. "आता नाक पुढे ने," काका म्हणाले. मी नाक पुढे नेलं. पुढच्या काट्यावरचा आकडा वाढला, मागचा उतरला. "कंबर मागे." मागचा वाढला. मी दचकले. गाडी तीच, मी तीच, कुणी काही ठेवलं नाही की काढलं नाही, आणि नुसत्या मान हलवण्यानं आकडे इकडून तिकडे. काका म्हणाले, "ही गाडी हलकी आहे. म्हणून तिच्यावरचं सगळ्यात जड सामान कोण? तू. तू नीट ठेवलेलं सामान व्हाचं." कुणी मला सामान म्हटलेलं मी ऐकून घेतलं, ते त्या एकाच वेळी.

"मांड म्हणजे बसणं नाही वं," ते म्हणायचे. "मांड म्हणजे गुडघ्यात गाडी धरणं. हात मोकळे. हातानं धरलं की तू लटकते." मी तासन्‌तास उभी राहायचे, मांड्या भरून यायच्या, आणि काकू मधूनच तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा आणून द्यायच्या. तो खातानाही काका मला खाली उतरू देत नसत.

या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज नाही. ती चालू आहे हेच कळत नाही. एके दिवशी काकांनी चावी दिली आणि मी अर्धा तास बरी चालवली. उतरले, गाडी हातानं धरून उभी राहिले आणि काकूंशी बोलायला लागले. काकूंनी शेडच्या बाजूला चादरीवर सांडग्यांसारखी बिजौरी वाळत घातली होती. बोलता बोलता माझं मनगट वळलं. गाडी उडीच मारून सुटली, चादरीवरून गेली आणि पत्र्याला जाऊन धडकली. मी मुरमात पालथी. काकू म्हणाल्या, "बिजौरी गेली." काका गाडीकडे गेले नाहीत, माझ्याकडेही आले नाहीत. चादरीजवळ उकिडवे बसले आणि टायरचे ठसे बघायला लागले. मग त्यांनी मला बोलावलं. पुढच्या चाकाखालची बिजौरी जेमतेम दबली होती, मागच्या चाकाखालची पार सपाट. "पाह्य. एकदम पिळलं की सगळा भार मागे येते. पुढचं चाक नुसतं नावाले असते." त्यांनी दबलेली बिजौरी वेचून काकूंना दिली आणि तळायला सांगितली. काकूंनी ती तळली नाही, हे सांगायला नको.

माझी खरी खोड वेगळीच होती. आपल्या रायपुरात स्कूटी चालवणाऱ्या निम्म्या बाया पायानं ब्रेक लावतात. गर्दी आली, गाय आली, सिग्नल आला की दोन्ही पाय खाली, चपला घासत. मीही त्यातलीच. स्कूटीवर ते खपून जातं. पण ढिगावर चढताना पाय काढला की गुडघ्यातली गाडी सुटते, अंग मागे पडतं, पडता पडता हात मूठ आवळतो आणि गाडी आणखीच उडते. हे मला पाठ होतं, आणि तरी पाय जायचेच. काकांनी ओरडून पाहिलं. मग ते चुना कालवून घेऊन आले. माझ्या बुटांच्या टाचांना ओला चुना फासला आणि म्हणाले, जा. मी फेरी मारून आले तर लाल मुरमावर जिथे तिथे पांढरी पावलं. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "महालक्ष्म्या आल्या वाटते मैदानात." मला रडू येईल इतकी लाज वाटली, आणि हसूही आलं. रोज चुना लागायचा. रोज फेरी झाली की काका आणि मी पावलं बघत हिंडायचो. कुठे पाय टेकला, का टेकला, तेव्हा नजर कुठे होती. नजर बहुतेक वेळा पुढच्या चाकाखाली असायची, पुढच्या वाटेवर नाही. पावलं हळूहळू कमी झाली आणि एका सकाळी मैदान स्वच्छ राहिलं. काकांनी चुन्याची वाटी धुऊन ठेवली.

शाबासकी हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. त्यांचा सगळा विश्वास बोलण्यात नाही, पुढच्या कामात असायचा. ढीग जमला की दुसऱ्या दिवशी जास्त उंच ढीग. तो जमला की ओला ढीग. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, कधी तरी चांगलं म्हणा न." ते खरंच विचारात पडले. म्हणाले, "चांगलं असतं तेव्हा काट्याची सुई हलत नाही. न हलणाऱ्या सुईले काय म्हणाचं?" त्यांचा मशीनचा आकडेवाला काटा येऊन किती तरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यातली सुई काही गेली नाही.

आता काका रायपुरात नाहीत. मुलीकडे नागपूरला असतात आणि तिच्या कॉलनीतल्या लोकांना पार्किंगवरून छळतात असं ऐकते. काटा दुसऱ्यानं घेतला. मला जेव्हा जेव्हा ते आठवतात तेव्हा मैदान नाही आठवत, ट्रायलचा दिवस आठवतो.

शहराबाहेर मुरमाची जुनी खदान आहे, तिथे ट्रायल होती. एका बाजूला लांब चढ, वर सपाटी, आणि वर पोचलं की त्याच वाटेनं खाली यायचं. साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले. गाडीच्या मागे कॅरिअर लावलं होतं आणि त्यावर मोजमापाच्या सामानाची पेटी बांधली होती, पार मागच्या चाकाच्याही पलीकडे. फील्डवर असंच सामान न्यायचं, म्हणून ट्रायलही सामानासकट. मी पेटी पाहिली आणि मनातच ती पुढे सरकवली.

काकांना मी बोलावलं नव्हतं. ते ऑटो करून आले. ओळखीचा ऑटोवाला होता, छत्तीसगढी माणूस, त्यालाही उतरवून सोबत उभं केलं.

पहिला सहकारी निघाला. चढाच्या मधे त्यानं मूठ पिळली, मागची पेटी खाली ओढायला लागली, पुढचं चाक हळूच उचललं गेलं. त्यानं दोन्ही पाय खाली टाकले. पाय मुरमावरून घसरले आणि गाडी त्याच्या खालून निघून मागे घरंगळली. त्याला खरचटलं, तेवढंच. दुसरा त्याचं बघून घाबरूनच निघाला, मागे रेलला, आणि अर्ध्याच्या आधीच पडला.

मग काका पुढे झाले. "ये पेटी किसने बांधी?"

साहेबांनी विचारलं, "आप कौन?"

"काटेवाला. ये पेटी पीछे लटकी है, इसको आगे लीजिए, दो हिस्से करके दोनों तरफ बांधिए, नीचे. ऐसे में तो मैं भी गिरूँगा."

"अंकल, ये कंपनी का सेटअप है."

"सेटअप गलत है." काका पेटीची दोरी सोडायलाच लागले. साहेब उठून उभे राहिले. चेहरा लाल. ते काकांशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "मैडम, ये आपके साथ हैं? बाहर का आदमी एक शब्द और बोला तो आपका ट्रायल कैंसल. यहीं, अभी."

काकांचं बरोबर होतं. ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, बहुतेक साहेबांनाही. पण बरोबर असण्याचा तो दिवस नव्हता. काका आणखी एक वाक्य बोलले असते तर मी परत खुर्चीत गेले असते, दुसऱ्याच्या चुकीच्या नाल्यांवर रेघा ओढत. आणि काका बोलणार होते, त्यांचं तोंड उघडलेलं होतं.

"काका, तुम्ही चूप राहा," मी म्हटलं.

"अवं पण पेटी..."

"पेटी चुकीची आहे, मले माहीत आहे. मी त्या पेटीसकट चढते म्हणते न. तुम्ही एक शब्द बोलले तर माझं फील्ड गेलं. जा, तिकडे उभे राहा."

त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. गुरुजी नाही, काकूही नाहीत. काकांनी दोरीवरचा हात काढला. ते ऑटोजवळ गेले आणि चढाकडे पाठ करून उभे राहिले. मला त्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बोलणं भाग होतं.

मी गाडीवर उभी राहिले. पेटी मागे ओढणार, तर मला नेहमीपेक्षा जास्त पुढे जायला हवं होतं. छाती हँडलवर, नाक जवळजवळ पुढच्या चाकावर, गुडघ्यात गाडी. मूठ अशी वळवली की वळवलेली मलाही कळू नये. गाडी निघाली. आवाज नाही, फक्त टायरखाली मुरूम करकरत होता. मधल्या टप्प्यावर पुढचं चाक हलकं झालं, हँडल हातात पोकळ वाटलं. माझ्या उजव्या पायानं एकदा खाली जायचा विचार केला, मला तो स्पष्ट जाणवला. मी पाय जाऊ दिला नाही. आणखी पुढे झुकले, हनुवटी हँडलला लागेपर्यंत. चाक टेकलं. मग चढ संपला आणि मी वर सपाटीवर उभी होते.

खाली बघितलं तर काका अजून पाठ करूनच उभे, आणि त्यांनी ऑटोवाल्याचं मनगट धरलेलं. नंतर ऑटोवाल्यानं मला ते मनगट दाखवलं. "देख दीदी, काका कसके धर ले रिहिस," म्हणाला. गाडीला आवाज नाही, त्यामुळे काकांना काहीच कळत नव्हतं. आधीचे दोघं पडले ते त्यांनी पाहिलं होतं. माझं तर निघालेलंही ऐकू आलं नव्हतं.

मी वरून ओरडले, "काका, चढली मी."

ते वळले. चेहरा उतरलेला होता, इतक्या लांबूनही दिसला. माझ्या आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं तेवढंच पाहिलं.

पण उतार बाकी होता. उतारावर कंबर मागे न्यायची, हे मी रोज केलेलं. मी तशी मागे सरकायला लागले, नेहमीइतकी, आणि खाली काका हलले. शब्द बोलायचा नव्हता, ते बोलले नाहीत. ऑटोसमोर उन्हात त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, हँडल धरल्यासारखे, गुडघे वाकवले, कंबर मागे नेली आणि मधेच थांबवली. अर्ध्यावर. मग मान हलवून पुन्हा दाखवलं, इतकंच, पुढे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी आधीच मागे होती. मी नेहमीइतकी मागे गेले असते तर पुढचं चाक पुन्हा हलकं झालं असतं, आणि उतारावर हलक्या चाकाला वळवताही येत नाही, थांबवताही येत नाही. चढताना वैरी झालेली पेटी उतरताना माझं अर्धं काम करणार होती. मी अर्ध्यावर थांबले.

साहेब काकांकडे बघत होते, पण म्हणणार काय? म्हातारा माणूस उन्हात उठाबशा काढतो आहे, त्याला कोणता नियम लावणार. ऑटोवाला तोंड दाबून हसत होता. मी दोन बोटं ब्रेकवर ठेवून उतरत होते, नजर वाटेच्या शेवटी, आणि वाटेच्या शेवटी काका, तसेच वाकलेले. मी पूर्ण खाली येईपर्यंत ते सरळ झाले नाहीत.

साहेब म्हणाले, "हो गया मैडम. फील्ड में आपका नाम भेज रहा हूँ." मी गाडी बंद केली आणि चावी काढली.

काका जवळ आले. घामानं निथळलेले, एका हातानं कंबर धरलेली. मला वाटलं, आता तरी चांगलं म्हणतील. त्यांनी मागच्या पेटीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे वळून, आयुष्यात कधी कुणाला विचारलं नसेल अशा आवाजात विचारलं, "आता बोलू का मी?"

"बोला," मी म्हटलं.

काका साहेबांच्या छत्रीकडे निघाले.